नवेपणाचं कलम

पेटंट म्हणजे नेमकं काय, हे ठाऊक असलेली माणसं त्या काळी बिश्केकमध्ये फार नव्हती, आणि होती त्यांतली बरीचशी सामान बांधून परमुलखातल्या मुलांकडे निघून गेली होती. उरलेल्यांत कुमुशाय बैशेनोवा होत्या. त्या गेल्या नाहीत, कारण जायचं तर नवऱ्याला अवजारांसकट हलवावं लागलं असतं, आणि शेरगाझींच्या अवजारांना आगगाडीचा एक अख्खा डबाही पुरला नसता.

शेती-अवजारांच्या कारखान्यात त्या कायद्याच्या सल्लागार होत्या. एखाद्या कामगाराने नवी युक्ती काढली की तिचे कागद तयार करायचे, आकृत्या जोडायच्या आणि वर पाठवायचं. पुढे कधीतरी वरून जाड कागदाचं, शिक्क्याचं प्रमाणपत्र यायचं. त्याचा अर्थ असा, की शोध या माणसाने लावला आहे आणि तो सरकारच्या मालकीचा आहे. "पोर तुझं, पण नांदणार आमच्याकडे," असं कुमुशायबाई कामगारांना समजावत. कामगार प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावत आणि पुन्हा कामाला लागत. त्याच कारखान्यात इंजिनियर असलेल्या शेरगाझींची तर एक अख्खी भिंत भरली होती. मग एका हिवाळ्यात सरकारच नाहीसं झालं. पोरांनी आता कुठे नांदायचं, हे सांगायला कोणी उरलं नाही.

नव्याने सुट्या झालेल्या देशांनी ठरवलं, की बाकी कशात जमलं नाही तरी पेटंटात एकत्र राहायचं. एकच अर्ज, एकच कचेरी, आणि एकदा मिळालेलं पेटंट सगळ्या देशांत चालणार. हा करार लिहायला प्रत्येक देशाने एक वकील पाठवायचा होता. मंत्रालयातून कुमुशायबाईंना फोन आला.

"एजे, तुम्हाला पेटंटातलं कळतं म्हणे?" एका तरण्या आवाजाने विचारलं. एजे म्हणजे थोरली ताई. काम असलं की इथे प्रत्येक बाई थोरली ताई होते.

"थोडंफार."

"मग झालं. तुम्ही देशाच्या प्रतिनिधी. सोमवारी निघा."

"पण देशाची भूमिका काय आहे?"

पलीकडे कागद सळसळले. मग आवाज म्हणाला, "ती तुम्ही तिकडे ठरवा, आणि परत आलात की आम्हालाही कळवा."

अशा रीतीने कुमुशायबाई वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एका देशाची भूमिका झाल्या. बैठका वेगवेगळ्या राजधान्यांत, गरम न होणाऱ्या दिवाणखान्यांत व्हायच्या. सगळे ओव्हरकोट घालून बसायचे आणि स्वल्पविरामांवरून भांडायचे. तिथे त्यांची दोस्ती जमली ती मिन्स्कच्या आदाम काझिमिरोविच यांच्याशी. हा उंच, काटकुळा माणूस चहात साखर घालतानाही कोणत्या नियमाखाली घालतो आहे याचा विचार करत असावा, असं वाटे. करारातलं नवेपणाचं कलम या दोघांनी मिळून लिहिलं. शोध संपूर्ण जगाला नवा असला पाहिजे. अर्ज करण्याआधी तो कुठेही, कोणालाही, कोणीही दाखवला किंवा छापला असेल, तर तो जुना झाला. मग पेटंट नाही. शोध लावणाऱ्याने स्वतःच दाखवला असला तरी नाही.

दोघा-तिघांनी अपवाद मागितले. त्यावर कुमुशायबाई उभ्या राहून म्हणाल्या, "अपवाद म्हणजे कुंपणाला पाडलेलं भगदाड. आधी एक कोकरू जातं, मग कळप जातो आणि शेवटी कुंपणही चोरीला जातं." वाक्य सगळ्यांना आवडलं. ते इतिवृत्तात गेलं. कलम मंजूर झालं.

इकडे कारखाना बंद पडल्यावर शेरगाझी कोचकोरला आईच्या घरी जाऊन राहिले होते आणि गोठ्यामागच्या खोपटात काहीतरी ठोकत होते. उन्हाळा सरता सरता ते यंत्र तयार झालं. मोडीत काढलेल्या कापणीयंत्राचा ढोल, धुलाईयंत्राची मोटर आणि दोन रूळ यांतून शेरगाझींनी नमदा बनवणारं यंत्र उभं केलं होतं. नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं अंथरूण, करायचा म्हणजे लोकर चटईवर पसरायची, गरम पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि आळीतल्या सगळ्या बायकांनी कोपरं टेकून ती लोळवत राहायची. दिवस मोडतो, कोपरं सोलतात. यंत्र तेच काम एका चहाच्या अवधीत करत होतं. शेरगाझींच्या आईला, बात्मा एनेंना, ते पसंत पडलं नाही.

"बायका मग बोलणार कधी?" त्यांनी विचारलं.

"यंत्र चालू असताना बोला की," शेरगाझी म्हणाले.

"एवढ्या खडखडाटात कोणाची निंदा करणार? ऐकू तर आली पाहिजे."

पण यंत्र आवडलं नाही म्हणून ते दाखवायचं नाही, असं थोडंच आहे? नवी वस्तू घरात आली की ती दाखवायची असते, आणि बघणाऱ्याने रिकाम्या हाताने बघायची नसते. सुनेचं मुख असो, पाळण्यातलं बाळ असो, नवं घर असो की नवं खोगीर असो, पहिल्यांदा बघणारा काहीतरी हातावर ठेवतो. त्याला कोरुंदुक म्हणतात. न देणारा कंजूष ठरतो. आणि जो नवी वस्तू लपवून ठेवतो, त्याने ती चोरून तरी आणलेली असते किंवा तिच्यात खोट तरी असते.

"महिनाभर ठोकाठोकी ऐकतोय गाव," बात्मा एने सुनेला म्हणाल्या. "माझ्या पोराने काय चोरलंय, असं विचारायला लागलेत लोक."

कुमुशायबाई नुकत्याच एका बैठकीहून परतल्या होत्या. त्यांनी बाह्या सरसावल्या. मेंढी त्यांनीच निवडली, आमंत्रणं त्यांनीच धाडली, कणकेचे बोरसोक तळायला शेजारणींना त्यांनीच बसवलं, यंत्राच्या ढोलाला लाल फीतही त्यांनीच बांधली. सप्टेंबरच्या अखेरीस सारं कोचकोर खोपटात लोटलं. लोकांनी ढोल थोपटला, रूळ फिरवून पाहिले, मोटरीखाली डोकं घातलं. कोणी डोईवरचा रुमाल दिला, कोणी वसंतात होणारं कोकरू कबूल केलं. शेरगाझींनी प्रत्येकाला यंत्र आतून-बाहेरून उलगडून दाखवलं. प्रमाणपत्रांनी भरलेल्या भिंतीसमोर हा माणूस कधी एवढा खुलला नव्हता.

पाहुण्यांत शेरगाझींच्या बहिणीचा मुलगा मेदेर होता. वय चाळिशीकडे, पोट त्याच्याही पुढे, धंदा पत्रकारी. बहिणीच्या मुलाने मामाच्या घरी जे मागितलं, त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणूनच भाच्यापेक्षा सात लांडगे परवडले, असं इथे म्हणतात.

"मामा," मेदेर जेवण झाल्यावर म्हणाला, "मला घोडा नको, खोगीर नको."

"मग बंदूक मागतोस की काय?"

"तुझ्या यंत्राची बातमी दे. फोटोसकट."

शेरगाझींना हायसं वाटलं. बातमीने घरातलं काही कमी होत नाही, असा त्यांचा समज होता.

दोन दिवसांनी मेदेरने बातमी फोनवर वाचून दाखवली. कुमुशायबाईंनी तिसऱ्याच वाक्याला त्याला थांबवलं. "यंत्र लोकर चुरगाळतं, असं काय लिहितोस? चुरगाळत नाही. दोन रूळ एकमेकांच्या उलट फिरतात आणि ढोल मधून सरकतो. रुळांचा वेग सारखा नाही, वरचा जरा कमी आहे. का कमी आहे तेही लिही, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं कसं?" चुकीचं वाक्य ऐकवत नाही, ही त्यांची जुनी व्याधी होती. मेदेरने सगळं उतरवून घेतलं.

अंक आला तेव्हा कुमुशायबाई न्याहारीला बसल्या होत्या. फोटो छान होता. त्यांनी मजकूर अभिमानाने वाचला, आणि वाचता वाचता सवयीने मनातल्या मनात शेरा मारला: 'कोणाही कुशल कारागिराला एवढ्यावरून यंत्र बांधता येईल, इतकं हे वर्णन पुरेसं आहे.' शेरा ओळखीचा वाटला. तो त्यांच्याच कलमातला होता: इतकं छापलं गेलं की शोध जुना. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला.

शेरगाझी अंगणात हात धूत होते. त्यांना सांगणं भाग होतं.

"अहो, तुमच्या यंत्राला पेटंट मिळणार नाही."

"का बरं?"

"तुम्ही ते गावाला दाखवलंत. वर पेपरात छापून आलं. ते जुनं झालं."

शेरगाझींनी हात पुसले. "कालचं यंत्र आज जुनं?"

"नियम आहे तसा."

"कोणी केला हा नियम?"

"मी."

शेरगाझींनी पंचा खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "बायबिचे," म्हणजे घरची मालकीण, आणि हा शब्द ते फक्त भांडणाच्या तोंडावर वापरत, "आयुष्यभर मी शोध लावले आणि सरकारने नेले. आता सरकार नाही म्हणून मी हा एक शोध माझ्यासाठी लावला. तो आता कोणाचा?"

"कोणाचाच नाही."

"मग नियम बदल."

"माझ्या एकटीच्या हातात नाही ते."

"करताना होतं," शेरगाझी म्हणाले आणि खोपटात गेले.

त्यानंतर घरात कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. हिवाळ्यात नारीनकडच्या एकाने बातमी वाचून तसंच यंत्र बांधलं आणि ते उत्तम चाललं. वर्णन पुरेसं असल्याचा पुरावाही मिळाला.

कुमुशायबाईंनी मात्र त्या हिवाळ्यात बराच विचार केला. कलम लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो तोंडाला कुलूप लावून अर्ज करायला धावणारा शोधक. तसला माणूस त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. त्यांना भेटलेला प्रत्येक शोधक आधी शेजाऱ्याला हाक मारायचा. म्हणजे आपण एक असं कुंपण घातलं, की ज्यात आपलं एकही मेंढरू शिरू शकत नाही. अर्जाआधी काही महिने शोधकाला त्याचा शोध दाखवायची मुभा हवी. पण हे आपल्याला जनतेसाठी सुचतंय की नवऱ्यासाठी? या प्रश्नाचं उत्तर त्या रोज वेगळं देत होत्या.

शेवटची बैठक जूनमध्ये इसिक-कुल सरोवराच्या काठच्या आरोग्यधामात भरली. सप्टेंबरच्या सुरुवातीला सह्या आणि त्याच दिवसापासून अर्ज घ्यायचे, असं आधीच ठरलं होतं. सकाळीच कुमुशायबाईंनी मुभेची मागणी मांडली. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. आदाम काझिमिरोविच सावकाश उठले, त्यांनी इतिवृत्त उघडलं आणि एकही शब्द न वगळता कोकरू, कळप आणि चोरीला गेलेलं कुंपण वाचून दाखवलं.

"ही उपमा कोणाची आहे, कुमुशाय सादिकोव्ना?" त्यांनी बैठकीच्या रीतीने, वडिलांच्या नावासकट विचारलं.

"माझीच."

"मग उत्तरही आपणच द्या. माझ्याकडे याहून चांगलं नाही."

सगळे हसले. अल्माटीचे ओरिनबासार आगा सगळ्यांत मोठ्याने हसले. हा गोल चेहऱ्याचा, सरळ बोलताना कधी न सापडलेला माणूस कझाकांचा प्रतिनिधी होता. विषय उद्यावर गेला.

दुपारी सगळे पाण्यावर गेले. आदाम काझिमिरोविच यांनी पिशवीतून एक गळ काढला. त्याच्या फिरकीजवळ एक छोटी कडी होती. पाणवनस्पतींत दोरी अडकली की कडी ती आपोआप सैल सोडायची आणि सुटली की ताणून धरायची. कडी त्यांनी स्वतः घडवली होती. ते सांगताना त्यांच्या आवाजात नियमबाह्य असं काहीतरी होतं.

"खरंच आपोआप?" ओरिनबासार आगांनी विचारलं.

"हे बघा, इथे छोटी स्प्रिंग आहे. नाही, असं धरा. खालून बघा."

सगळ्यांनी खालून बघितलं. मोल्दोवाच्या प्रतिनिधीने घरची वाइन आणली. नवी वस्तू ओली केल्याशिवाय तिला बरकत नाही, असं तिकडेही मानतात. ओरिनबासार आगांनी स्वतःची टोपी काढून आदाम काझिमिरोविच यांच्या डोक्यावर ठेवली. "हे कोरिमदिक. आमच्यात बघणाऱ्याने द्यायचं असतं." टोपी कानांपर्यंत आली. ती काढायची त्यांना आठवण राहिली नाही.

कुमुशायबाई थोड्या लांब बाकावर होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आदाम काझिमिरोविच यांनी मुभेला पुन्हा विरोध केला. ते बसल्यावर ओरिनबासार आगांनी हात वर केला. "माहितीसाठी विचारतो. तो गळ. अर्ज केलाय का?"

आदाम काझिमिरोविच यांनी आधी त्यांच्याकडे, मग समोरच्या मसुद्याकडे पाहिलं. काल गळ खालून बघितलेले सगळे लोक मेजाभोवती बसले होते. साक्षीदारांची इतकी भक्कम फळी कोणत्याही खटल्यात मिळणं कठीण.

"नाही," ते म्हणाले. "कायद्याने तो काल दुपारी जुना झाला. कायदा हा कायदा आहे." मग ते पाणी प्यायले. "मला चहासाठी थोडी सुटी मिळावी."

सुटीनंतर ते परतले ते हातात एक कागद घेऊन. त्यावर मुभेचं कलम होतं. कुमुशायबाईंनी लिहिलं होतं त्याहून ते आटोपशीर होतं आणि त्यात एकही भगदाड नव्हतं. महिन्यांची जागा तेवढी कोरी होती.

"बारा असू देत," अध्यक्ष म्हणाले. "वर्ष म्हणजे सुटसुटीत. कोणाची हरकत?"

कोणाची नव्हती. कुमुशायबाईंनी मनात हिशेब केला. मेजवानी सप्टेंबरच्या अखेरीस झालेली, बातमी त्यानंतरची. सह्या येत्या सप्टेंबरच्या सुरुवातीला. बारा महिने म्हटलं तर शेरगाझी काठावर का होईना, आत येत होते. अध्यक्षांनी पेन उचललं होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

त्या उभ्या राहिल्या.

"या आकड्याबद्दल मला बोलता येणार नाही, आणि इथे बसताही येणार नाही. बारा महिने झाले तर एका नमद्याच्या यंत्राला पेटंट मिळतं. त्याहून कमी झाले तर मिळत नाही. ते यंत्र आमच्या घरातलं आहे."

"शोधकाचं नाव?" इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं.

कुमुशायबाई अडल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी चारचौघांत कधी घेतलं नव्हतं आणि एका आंतरराष्ट्रीय करारापायी घेण्याची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं आणि बाहेर पडल्या.

ओसरीत त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने दार पुन्हा उघडलं आणि आदाम काझिमिरोविच बाहेर आले.

"तुम्ही का आलात?"

"माझा गळ आहे ना," ते तुटकपणे म्हणाले. "आपण बाहेर गेल्यावर मला आत बसणं अवघड झालं. आपण नेहमी माझी अडचण करता." मग त्यांनी विचारलं, "गप्प बसायचं का नाही सुचलं?"

"सुचलं होतं."

"हं," ते म्हणाले, आणि दोघं खिडकीतून एकाच पाण्याकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळाने ओरिनबासार आगा आले. पहिल्यांदाच त्यांना सरळ बोलावं लागत होतं, आणि ते जड जात होतं.

"सहा."

कुमुशायबाईंनी मान हलवली.

"एजे, मी बारासाठी भांडलो. पण अध्यक्ष म्हणाले, आता बारा लिहिले तर लोक म्हणतील, वकीलबाईंनी घरच्या नमद्यासाठी करार वाकवला. सहा लिहिले तर वाचतात ते फक्त मासे पकडणारे. माशांबद्दल कोणी काही म्हणत नाही."

आदाम काझिमिरोविच यांचे कान लाल झाले. सहा महिन्यांत त्यांचा गळ आरामात बसत होता.

कुमुशायबाई कोचकोरला पोचल्या तेव्हा शेरगाझी ओट्यावर चहा घेत होते. शेजारी बात्मा एने लोकर पिंजत होत्या.

"झालं कलम?"

"झालं. सहा महिने."

शेरगाझींनी बोटांवर हिशेब केला आणि पुन्हा एकदा उलटा करून पाहिला. "सहा कोणी सुचवले?"

"ठाऊक नाही. मी बाहेर होते."

"बाहेर कशाला?"

त्यांनी सगळं सांगितलं. शेरगाझी ऐकत राहिले.

"म्हणजे बारा होणार होते."

"हो."

"आणि तू नुसती गप्प बसली असतीस तर झाले असते."

"हो."

"इतक्या वर्षांच्या संसारात," शेरगाझी म्हणाले, "तुझं गप्प बसणं एकदाच कामाला येणार होतं."

"तिला जमलं नसतं ते," बात्मा एने लोकरीतून मान वर न करता म्हणाल्या. "लग्नात बुरख्याआडूनसुद्धा वाद घातला होता हिने." त्यांनी काडी झटकली. "पण सून माझी लबाड नाही. तेवढं मी गावात सांगितलेलं आहे, ते खोटं पडलं नाही."

शेरगाझींनी कप उपडा घातला. ते रागावले होते, पण कोणावर, हे त्यांना पक्कं करता येत नव्हतं. बायको गप्प राहिली असती तर यंत्र त्यांचं झालं असतं, आणि मग प्रत्येक नमद्यागणिक त्यांना ते आठवलं असतं. हे त्यांना कळत होतं आणि कळलेलं आवडत नव्हतं.

"त्या मिन्स्कवाल्याचा गळ कसा आहे?" त्यांनी अखेर विचारलं.

"चांगला आहे. गवतात अडकत नाही."

"अर्ज करणार?"

"सह्या झाल्या की पहिला अर्ज त्यांचाच."

"चला," शेरगाझी म्हणाले, "निदान मासे तरी कायदेशीर मरतील."

कुमुशायबाईंना हसू आलं. कितीतरी महिन्यांनी त्या या घरात हसल्या. शेरगाझी हसले नाहीत, पण कप पुन्हा सुलटा करून त्यांनी पुढे सरकवला, आणि बाईंनी तो भरला.

चहा संपल्यावर ते उठून खोपटात गेले आणि दार आतून लोटून घेतलं. थोड्या वेळाने ठोकाठोकी सुरू झाली. आवाज जुन्या यंत्राचा नव्हता. कुमुशायबाईंनी तो नीट ऐकला, पण काय चाललंय ते विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना दाखवावं लागलं असतं, दाखवलं की सहा महिने मोजायला सुरुवात झाली असती, आणि सह्या व्हायला अजून अवकाश होता.